पहिल्या सिगारेटपासून शेवटच्या अंकापर्यंत

झोपेतून उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने पेटवता? कार्ल-ओलोव्ह फॅगरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाच्या नावाने चालणाऱ्या, निकोटिनचं व्यसन मोजणाऱ्या चाचणीतला हा प्रश्न. चाचणीत प्रश्न सहाच, गुण जास्तीत जास्त १०. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं की या एकाच प्रश्नाचे ३ गुण पडतात. तासाभरानंतर पेटवणाऱ्याला शून्य.

त्या मिनिटांचं एवढं काय? रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. आठ तास झोपलं की ते चार वेळा निम्मं होतं. उरतो जेमतेम सोळावा हिस्सा. इकडे सततच्या धूम्रपानाने मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या रिसेप्टरांची संख्याच वाढलेली असते, आणि पहाटे ते बहुतेक रिकामे. पहिला झुरका त्यांच्यापर्यंत पोचतो १० ते २० सेकंदांत. रक्त न काढता, नुसतं घड्याळ विचारून मेंदूतली ही भूक मोजता येते, याचं मला फार नवल वाटतं.

ही ओढ शरीराची आहे, हे मान्य व्हायला वेळ लागला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या १९६४च्या अहवालाने धूम्रपानाला सवय म्हटलं. व्यसन म्हटलं ते १९८८च्या अहवालाने.

आज या व्यसनाला आजारांच्या यादीत स्वतःचा कोड आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांची रुग्णाबद्दलची नोंद पुण्यात किंवा नवी मुंबईत बसलेला मेडिकल कोडर वाचतो आणि तिच्यातल्या आजाराला ठरलेला कोड लावतो: एफ१७.२१०. 'एफ' म्हणजे मानसिक व वर्तनविषयक आजारांचं प्रकरण, १७ म्हणजे निकोटिनचं व्यसन. पुढचे २१ सिगारेट सांगतात. चघळायच्या तंबाखूला २२. शेवटचा अंक मात्र माणसाची आजची अवस्था बोलतो. ० म्हणजे गुंतागुंत नाही. ३ म्हणजे सिगारेट तुटल्यावरची तगमग: चिडचिड, उडालेली झोप, वाढलेली भूक. १ म्हणजे व्यसन शमलेलं, पण तसं डॉक्टरांनी स्वतः लिहिलेलं हवं; कोडरने अंदाज बांधायचा नाही. नोंदीत 'स्मोकर' असेल तर कोडची सूची थेट व्यसनाकडे नेते. नुसता 'तंबाखूचा वापर' लिहिला तर वाट झेड७२.० कडे वळते, आणि तिथे व्यसन दिसतच नाही.

एवढ्या बारकाव्यांच्या या कोडात किती ओढली, याला मात्र जागाच नाही. ते नोंदीतच लिहावं लागतं, पॅक-वर्षांत: रोजची पाकिटं गुणिले वर्षं. रोज एक पाकीट २० वर्षं ओढा किंवा दोन पाकिटं १० वर्षं, हिशेब २० चाच. अमेरिकेत २०२१पासूनची शिफारस अशी, की वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षं, आणि अजून ओढत असाल किंवा सोडून १५ वर्षं उलटली नसतील, तर दरवर्षी फुप्फुसांचा कमी किरणमात्रेचा सीटी स्कॅन करावा. म्हणून 'जुना स्मोकर' एवढ्यावर थांबणारी नोंद मला अपुरी वाटते. किती ओढली आणि कोणत्या साली सोडली, हे त्यात नसेल तर हा स्कॅन कोणाला सुचवायचा ते कळणार कसं?