मूठभर शेंगदाणे

सुक्या मेव्याचा विषय निघाला की बदाम, पिस्ते व अक्रोड यांची नावे प्रथम ओठांवर येतात. अलीकडे त्यांत पिकॅन या अमेरिकन मेव्याची भर पडली आहे. परदेशी राहणारी मुले-सुना सुटीत घरी येतात तेव्हा त्याची एखादी पिशवी सोबत असते, आणि ‘हा हृदयाला चांगला’ असे आवर्जून सांगितलेही जाते. हे सांगणे खोटे नाही. परंतु त्याच घराच्या फडताळात, कुटाच्या डब्यात, जो जिन्नस बारमाही भरलेला असतो, त्याच्याकडे मात्र आपण उपवासाचा किंवा गरिबीचा पदार्थ म्हणूनच पाहतो. तो जिन्नस म्हणजे भुईमुगाचा दाणा. त्याची खरी योग्यता काय व तो खाताना कोणती दक्षता घ्यावी, हे सभासद-कुटुंबांपुढे मांडावे एवढाच या लेखात आमचा हेतू आहे.

प्रथम दोहोंची तुलना करू. पिकॅन हा अक्रोडाच्या कुळातील वृक्ष असून मिसिसिपी नदीचे खोरे, टेक्सास व उत्तर मेक्सिको हे त्याचे माहेर. त्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७२ ग्रॅम स्निग्धांश, ९ ग्रॅम प्रथिने व साडेनऊ ग्रॅम चोथा असतो. त्यापासून सुमारे ६९० उष्मांक मिळतात. भुईमूग हा तूर-हरभऱ्याचा भाऊबंद. त्याचे फूल जमिनीवर उमलते, पण शेंग मातीत धरते. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४९ ग्रॅम स्निग्धांश, २५ ग्रॅम प्रथिने व साडेआठ ग्रॅम चोथा असून उष्मांक सुमारे ५६५ आहेत. म्हणजे शरीराची झीज भरून काढणारी आणि मुलांची वाढ करणारी जी प्रथिने, ती शेंगदाण्यात पिकॅनच्या अडीच पटींहून अधिक आहेत. पिकॅनमध्ये जस्त व मँगेनीज अधिक, तर शेंगदाण्यात फोलिक आम्ल व नियासिन ही ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे विपुल, असा हा हिशेब आहे.

स्निग्धांश म्हटला की प्रौढ माणसे बिचकतात. पण सर्व स्निग्ध पदार्थ एका जातीचे नसतात. वनस्पती तूप, लोणी यांत संपृक्त स्निग्धाम्ले पुष्कळ; पिकॅन व शेंगदाणा या दोहोंत असंपृक्त स्निग्धाम्लांचे प्रमाण फार मोठे. पहिल्यांच्या जागी दुसरी आहारात आली म्हणजे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल उतरते. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा मेव्याविषयी एक विधान वेष्टनावर छापण्यास मुभा दिली. रोज दीड औंस, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम, मेवा बेताच्या आहारासोबत घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होण्याचा संभव आहे, पण तसे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा आशय होता. त्या यादीत पिकॅन होता, तसाच शेंगदाणाही होता.

आपल्या हैदराबादेच्या वाचकांना नियासिनची गोष्ट विशेष जिव्हाळ्याची वाटेल. या जीवनसत्त्वाच्या अभावी पेलाग्रा नावाचा रोग होतो: उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात व पुढे बुद्धिभ्रमही होतो. दख्खनच्या पठारावर मुख्यतः ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब लोकांत हा रोग आढळला, आणि १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आलेल्या पोषण संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. सी. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा बारकाईने अभ्यास केला. हीच प्रयोगशाळा आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे १२ मिलिग्रॅम नियासिन असते. ३० ग्रॅमच्या एका मुठीतून मोठ्या माणसाच्या दिवसाच्या गरजेचा सुमारे पाव हिस्सा भागतो. भाकरीवर दाण्याची चटणी घेण्याची आपली रीत जिभेपुरती नव्हती, हे यावरून ध्यानी येईल.

तथापि एकटा शेंगदाणा सर्वगुणसंपन्न नाही. त्याच्या प्रथिनांत लायसिन हा घटक उणा आहे, आणि ज्वारी, गहू व तांदूळ यांतही तोच उणा. हरभऱ्यात तो भरपूर असतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्र संशोधन संस्थेने कुपोषणावर उपाय म्हणून जे ‘बहूद्देशीय अन्न’ सिद्ध केले, त्यात तेल काढलेल्या भुईमुगाच्या पिठाचे तीन भाग व हरभऱ्याच्या पिठाचा एक भाग होता आणि वर जीवनसत्त्वे व क्षार मिसळले होते. जत्रेत कागदाच्या पुडीत मिळणारे चणे-दाणे याच जोडीचे! शाळेतून भुकेल्या येणाऱ्या मुलास बिस्किटाच्या पुड्याऐवजी चणे-दाणे व गुळाचा खडा देणे केव्हाही श्रेयस्कर.

उपवासाचेही तसेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नाममात्र. खिचडीला जे सत्त्व येते ते कुटामुळे. म्हणून कुटात हात आखडता घेऊन तुपात सढळपणा करणे ही उलटी काटकसर होय. दाण्यातील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. कोशिंबिरीत कुटाबरोबर लिंबू पिळले तर त्यास साहाय्य होते.

आता दक्षतेविषयी, आणि हा भाग गृहिणींनी अवश्य वाचावा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अल्पावधीत मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत बुरशीपासून झालेले विष सापडले. त्यास अफ्लाटॉक्सिन हे नाव पडले. हे विष यकृतावर घाला घालते व दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगास कारण होते. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली, तीही याच विषाने. दाणे भाजल्याने ते पुरते नष्ट होत नाही. यास्तव दाणे कोरडे, भरीव व एकसारख्या रंगाचे पाहून घ्यावेत, बेताने आणावेत व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. सुरकुतलेले, काळवंडलेले, बुरशी आलेले वा कडू लागणारे दाणे निवडून टाकून द्यावेत. ‘चटणीत खपून जातील’ हा विचार मनात आणू नये, आणि असे दाणे मोलकरणीस वा दारच्या याचकासही देऊ नयेत. जे आपल्या मुलास चालत नाही, ते कोणाच्याच मुलास चालत नाही.

पाच वर्षांखालील मुलांना अखंड दाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचे भय असते. त्यांना बारीक कूट अन्नात कालवून द्यावे. काहींना शेंगदाण्याचे वावडे असते व ते जिवावरही बेतू शकते. अंगावर पित्ताच्या गांधी, ओठांना सूज वा धाप दिसताच त्वरित इस्पितळ गाठावे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका मोठ्या चाचणीत असे दिसले, की वावड्याचा संभव असलेल्या तान्ह्यांना चौथ्या ते अकराव्या महिन्यांत शेंगदाणा सुरू करून तो चालू ठेवला तर पुढे वावडे पुष्कळच कमी होते. मात्र ज्या बाळास तीव्र इसब वा अंड्याचे वावडे आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून काही करू नये. रक्तदाब असणाऱ्यांनी खारे दाणे टाळावेत. आणि एका मुठीत सुमारे १७० उष्मांक असल्याने ती मूठ फरसाणाच्या जागी घ्यावी, फरसाणावर नव्हे.

परदेशाहून प्रेमाने आलेला पिकॅन आनंदाने खावा. पण ज्यांना तो मिळत नाही व परवडत नाही, त्यांनी आपल्या मुलांना काही कमी पडते असे मानून खंत करू नये. निवडलेल्या, भाजलेल्या मूठभर दाण्यांत त्यांच्या वाढीचे पुष्कळ साहित्य भरलेले आहे. ते नीट पारखून त्यांच्या हातावर ठेवणे एवढेच आपले काम.