थैलीवरची चिठ्ठी

वाईजवळ कृष्णाकाठी मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. येणारी माणसं घाट बघतात, वसईच्या १७३९च्या मोहिमेनंतर आलेली चर्चची घंटा बघतात आणि 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रीकरण नेमकं कुठे झालं ते विचारतात. इथल्या कागदांची चौकशी क्वचितच कोणी करतं. ते इतिहासकार पारसनीसांनी साताऱ्याला नेले, पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले.

नानांचं फडणिसाचं पद मुळात हिशेबाचं. पेशवाईत मुलखाचा वसूल मामलेदार गोळा करी, पण पैसा त्याच्या एकट्याच्या हाती नसे. भोवती दरकदार असत. पोतदार नाणं पारखी, पोतनीस जमा आणि शिल्लक मांडी. फडणीस रोजकीर्द लिही, हुकमांवर तारीख घाली, पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या लावी. त्या रोजकिर्दीवरून दफ्तरदार खतावणी करी आणि महिन्याचा गोषवारा हुजुरात धाडी. मुजुमदाराची नजर फिरल्याशिवाय हिशेब फडणिसाकडे जात नसे. हे दरक वंशपरंपरेचे, त्यामुळे मामलेदाराला दरकदारांना काढता येत नसे. एकाने खाल्लं तर दुसऱ्याच्या वहीत दिसावं, असा हा शिस्तीत मांडलेला अविश्वास. मला तो फार शहाणा वाटतो. अर्थात सगळेच मिळून खायला बसले तर इलाज नाही.

हिशेबावर अशीच नजर ठेवणारी पदं बायझंटाईन साम्राज्यातही होती. कॉन्स्टँटिनोपलला सम्राटाचा खासगी खजिना साकेलारिओस सांभाळी; पुढे तो सगळ्या वसुली खात्यांचा तपासनीस झाला. तिथल्या चर्चमध्येही याच नावाचा अधिकारी असे, पूजेची मौल्यवान भांडी मात्र वेगळ्याच अधिकाऱ्याच्या ताब्यात. पण ही पदं वतनं नव्हती. सम्राटाची मर्जी फिरली की पद गेलं. निकेफोरोस नावाच्या वसूल खात्याच्या प्रमुखाने ८०२ साली सम्राज्ञी आयरीनलाच गादीवरून उतरवलं आणि स्वतः सम्राट झाला.

हिशेब ज्याच्याकडे, राज्याची नस त्याच्याकडे. नानाही बारभाईंच्या कारस्थानानंतर राज्याचा कारभार हाकत राहिले, पण गादी पेशव्याचीच ठेवली आणि स्वतः फडणीसच राहिले. सवाई माधवराव गेल्यावर राजकारण अंगावर आलं, तेव्हा १७९६ साली पुणं सोडून त्यांनी वाई गाठली. तिथून घाट उतरून महाडला गेले.

१८०० साली नाना वारले. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत हुजूर दफ्तराची हेळसांड झाली, मामलती चढ्या बोलीने इजाऱ्यावर जाऊ लागल्या. इजारदाराने कबूल केलेली रक्कम भरली की झालं. रयतेकडून त्याने किती उकळलं, हे रोजकिर्दीत बघायची कोणाला गरज उरली नाही.