ब्रेक दगडासारखा लागतोय? लायनर बदलण्याआधी व्हॅक्युम तपासा



टोमॅटोची तोडणी जोरात आहे. जुन्नर-नारायणगाव भागातून रात्री कॅरेट भरून माळशेज घाट उतरणाऱ्या पिकअप आपल्या सभासदांच्याही आहेत, म्हणून आज फवारणीचा नाही, ब्रेकचा मेसेज. थोडा लांब आहे, पण गाडी चालवणाऱ्या पोराला किंवा ड्रायव्हरलाही वाचून दाखवा.

परवा एका सभासदाची डिझेल पिकअप संकलन केंद्रावर आली. ब्रेक इतका कडक की पेडलवर जवळजवळ उभं राहावं लागत होतं. त्याआधी पंधरा दिवसांत लायनर बदलून झाले, पॅड बदलून झाले, ब्रेकची हवा काढून झाली. पैसे गेले, ब्रेक तसाच. शेवटी सापडलं काय, तर व्हॅक्युमच्या रबरी पाइपला क्लिपखाली पडलेली चीर. वरून दिसतही नव्हती.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या की पेडल मऊ लागणं आणि कडक लागणं हे दोन वेगळे आजार आहेत. पेडल स्पंजसारखं दबतंय, खाली जातंय, तर लाइनमध्ये हवा, ऑइल गळती किंवा मास्टर सिलिंडर बघायचा. पेडल कडक झालंय आणि गाडी थांबत नाही, तर बहुतेक वेळा व्हॅक्युम गेलेला असतो. कडक ब्रेकवर हवा काढत बसण्याचा काही उपयोग नाही.

ब्रेक ऑइलच्या डबीमागे मोठा गोल काळा डबा असतो, तो बूस्टर. त्याच्या आत रबरी पडदा असतो. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं आणि आपण पेडल दाबलं की बाहेरच्या हवेचा दाब पडद्याला ढकलून पायाला मदत करतो. डिझेल गाडीत हवा ओढायला वेगळा व्हॅक्युम पंप असतो, काही गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे, काहींत थेट इंजिनावर. पेट्रोल-सीएनजी गाडीत हे काम सहसा इंजिनाचं सक्शनच करतं. विहिरीवरची मोटार आठवा. सक्शन पाइपने हवा धरली की पाणी सुटतं, मोटार कितीही चांगली असो. इथेही तसंच आहे. बूस्टरच्या तोंडाशी फूट व्हॉल्व्हसारखा एक छोटा व्हॉल्व्हही असतो, ओढलेली हवा परत येऊ न देणारा.

आता तपासणी. गाडी सपाट जागेवर, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, चाकाला दगड लावून. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा दाबा, तो कडक होईल. मग पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. जागचं हललं नाही, तर बूस्टरला व्हॅक्युम पोहोचत नाही किंवा बूस्टरच गेला आहे.

पेडल खाली गेलं, तर इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा आणि ब्रेक दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागून मग कडक झाला तर ठीक. पहिलाच दाब कडक लागला, तर साठवलेला व्हॅक्युम कुठूनतरी निसटतोय. तो छोटा व्हॉल्व्ह किंवा पाइप बघा.

पेडल दाबून धरल्यावर केबिनमध्ये सतत फुस्स आवाज येत असेल, तर बूस्टरचा पडदा फाटल्याची शंका घ्या. तो बदलणं मेकॅनिकचं काम, घरी खोलू नका.

पाइप मात्र स्वतः बघता येतो. दोन्ही टोकांना क्लिप सैल आहे का, वाकवल्यावर भेगा दिसतात का. हंगाम संपल्यावर गाडी शेडमध्ये उभी असते, तेव्हा उंदीरही कुरतडतात. इंजिन चालू असताना बूस्टरकडचं टोक काढून तोंडावर अंगठा ठेवला तर जोरात ओढ लागली पाहिजे (बाही, उपरणं पट्ट्यापासून लांब ठेवा). ओढ नाही, तर दोष पाइपात किंवा पंपात. पंपाला वंगण इंजिन ऑइलचंच मिळतं, म्हणून ऑइलची पातळीही बघून घ्या. आणि पाइप बदलायचा तर जाड व्हॅक्युम पाइपच घ्या. ठिबकची किंवा पाण्याची नळी जोडलेली आम्ही पाहिली आहे. ती ओढीने आतून चिकटते आणि ब्रेक पुन्हा कडक.

हे सगळं ठीक असूनही गाडी थांबत नसेल, तर मग चाकांकडे वळा. पाच-सात किलोमीटर चालवून एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय का, हात न लावता जवळ नेऊन बघा. कॅलिपर जाम असेल.

घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांना हात जोडून विनंती, हे बंद करा. इंजिन बंद झालं की व्हॅक्युम दोन-तीन दाबांपुरताच उरतो, पॉवर स्टिअरिंग असेल तर तेही जड होतं. आणि चालत्या गाडीत ब्रेक अचानक कडक झाला तर पेडल पुन्हा पुन्हा पंप करू नका, उरलेली मदतही संपते. एकदाच, दोन्ही पायांनी लागलं तरी चालेल, पूर्ण जोर देऊन दाबून धरा. बूस्टरविना ब्रेक लागतो, फक्त ताकद फार लागते. सोबत एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा.

गाडी थांबली की तिथेच ठेवा, भरलेली गाडी घेऊन पुढे उतरू नका. संकलन केंद्राच्या ग्रुपवर जागा आणि कॅरेटची संख्या टाका, माल दुसऱ्या गाडीत घेण्याची सोय बघू.