वायनरीची वारी

गणपती आटोपले, मखर पुढच्या वर्षासाठी बेसमेंटमध्ये गेलं आणि दिवाळी कार्यक्रमाच्या तालमी सुरू व्हायला अजून दोन आठवडे होते. असा मोकळा वीकएंड वर्षातून क्वचितच हाती लागतो. तो साधून आम्ही चार कुटुंबं दोन व्हॅनमध्ये भरून न्यू जर्सीहून निघालो ते न्यूयॉर्क राज्याच्या फिंगर लेक्स भागाकडे. वॉटकिन्स ग्लेनची घळ आणि कॉर्निंगचं काचेचं म्युझियम हे तर आपण बहुतेक जण, भारतातून आई-वडील आले की, नायगाराच्या वाटेवर उरकतोच. या वेळी काहीतरी वेगळं हवं होतं. वायनरीचं नाव पहिल्यांदा कोणी काढलं, ते मात्र आता कोणीही कबूल करत नाही.

प्रश्न होता नानांचा. नाना म्हणजे आमच्यातल्या एका मित्राचे वडील. राहणार निफाड तालुका, जिल्हा नाशिक. गळ्यात तुळशीची माळ, आषाढी-कार्तिकीला उपास, आणि घरची पाच एकर द्राक्षबाग. अशा माणसाला वाइनच्या कारखान्यात कसं न्यायचं? सूनबाईंनी चाचरत विचारलं तर नाना म्हणाले, "मी काय प्यायला येतोय? बाग बघायला येतो." विषय संपला.

आय-८०, ३८०, ८१ करत बिंगहॅम्टन, तिथून रूट १७ ने कॉर्निंग, बाथ आणि मग हॅमंडस्पोर्ट. साडेचार तासांचा रस्ता, पण पोह्यांचा डबा, मुलांच्या शूशू आणि चहा धरून सहा तास सहज लागले. हॅमंडस्पोर्ट हे क्युका सरोवराच्या दक्षिण टोकाचं टुमदार गाव. हिमयुगातल्या बर्फाच्या नद्यांनी कोरून काढलेली अशी अकरा लांबट सरोवरं इथे हाताच्या बोटांसारखी पसरली आहेत, म्हणून नाव फिंगर लेक्स. क्युका तेवढं इंग्रजी 'वाय' अक्षरासारखं फुटलंय. या पाण्यामुळेच इथे द्राक्ष तगतं. उन्हाळाभर तापलेलं पाणी हिवाळ्यात काठाला ऊब देतं आणि वसंतात थंडच राहून वेलींना लवकर फुटू देत नाही, म्हणजे उशिराच्या हिमात कोवळी फूट जळण्याचा धोका कमी. नानांना हे सांगितलं तर ते सरोवराकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हे तळं बागेला गोधडीसारखंय."

इथे द्राक्षं नवी नाहीत. १८२९ साली याच गावातल्या एका पाद्र्याने आपल्या परसात वेल लावले होते आणि १८६० पासून वाइनचा धंदा आहे. पण ती सगळी अमेरिकेची देशी द्राक्षं, नाहीतर त्यांचा संकर. रीझलिंग, शार्डोने ही युरोपातली नाजूक जात इथल्या थंडीत मरणारच, असं सगळे तज्ज्ञ मानून होते. ते खोटं ठरवलं एका निर्वासिताने, आणि ही गोष्ट आपल्यासारख्यांनी जरूर ऐकावी अशी आहे.

कॉन्स्टंटिन फ्रँक यांचा जन्म युक्रेनमधला, १८९९ चा. थंड प्रदेशातल्या द्राक्षांवर ओडेसात डॉक्टरेट मिळवलेली. महायुद्धाने सगळं उद्ध्वस्त केल्यावर १९५१ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, बायकोमुलांसह ते न्यूयॉर्कला उतरले. भाषा कितीतरी येत होत्या, फक्त इंग्रजी येत नव्हती. डॉक्टरसाहेबांनी आधी उपाहारगृहात बशा धुतल्या. मग जिनीव्हा गावच्या कृषी संशोधन केंद्रात काम मिळालं, तेही ब्लूबेरीच्या वाफ्यांत खुरपणीचं! तिथले लोक त्यांचं ऐकून घेईनात. म्हणणं एवढंच होतं, की रशियातल्या याहून कडक थंडीत मी हीच द्राक्षं पिकवलीत, अडचण थंडीची नाही, खुंटाची आहे. शेवटी गोल्ड सील कंपनीचे प्रमुख शार्ल फूर्निए यांनी ऐकलं. ते स्वतः फ्रान्सच्या शँपेन भागातून आलेले. दोघांनी योग्य खुंटासाठी पार क्वेबेकमधल्या एका मठाच्या बागेपर्यंत शोध घेतला, हजारो कलमं करून पाहिली आणि रीझलिंग जगवून दाखवलं. १९६२ साली फ्रँक यांनी क्युकाच्या काठी स्वतःची वायनरी काढली. ते १९८५ मध्ये गेले, पण वायनरी अजून घरातच आहे आणि आता चौथी पिढी ती पाहते. इथे येऊन टॅक्सी चालवत अमेरिकन परवान्याची परीक्षा देणारे आपले डॉक्टर-इंजिनियर आम्हाला आठवले. फरक एवढाच, की ते पंचविशी-तिशीत होते.

आम्ही गेलो ती वायनरी मात्र दुसरी, त्याहून लहान. नाव इथे देत नाही, कारण मंडळाच्या अंकात फुकटची जाहिरात नको. फोन केलात तर पत्ता देऊ. ही मंडळी पूर्वी नुसती द्राक्षं पिकवून मोठ्या कंपनीला विकायची. कंपनी ठरवील तो भाव. १९७६ साली न्यूयॉर्क राज्याने कायदा करून लहान बागायतदारांना स्वतःची वाइन बनवून शेतावरच थेट विकायची सवलत दिली आणि अशा घरगुती वायनऱ्या उभ्या राहिल्या. नानांना याचं भाषांतर करून सांगावं लागलं नाही. 'व्यापारी भाव पाडतो' हे वाक्य कुठल्याही भाषेत त्यांना कळलं असतं.

आम्हाला बाग दाखवली ती मालकिणीने, पस्तिशीच्या एका बाईने. बोस्टनमधली बँकेतली नोकरी सोडून ती घरी परत आलेली. मागून तिचे वडील, ऐंशीच्या घरातले, काठी टेकत येत होते. इथे आपल्यासारखा मांडव नसतो, सरळ उभ्या तारांवर वेल चढवतात. नाना पहिल्याच ओळीत वाकले, पान उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "भुरी आहे." मालकिणीने वाकून पाहिलं. हो, होती. त्यानंतर टूरचा ताबा कोणाकडे गेला हे सांगायला नकोच. छाटणी कधी? एका काडीला डोळे किती ठेवता? डावणी येते का? फवारे किती? आमचा मित्र बिचारा दुभाषा. आयुष्यभर औषध कंपनीत गेलेला, त्याला 'ओलांडा' म्हणजे वेलीचा आडवा हात हे इंग्रजीत सांगताना घाम फुटला. शेवटी दोघा म्हाताऱ्यांनी त्याला बाजूला सारून हातवाऱ्यांनी काम चालवलं.

इथे छाटणी वर्षातून एकदाच, तीही भर थंडीत, वेल झोपलेला असताना. नाशिककडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी अशा दोन. हे ऐकून म्हातारबाबांनी वेलींची कीव आल्यासारखी मान हलवली. इकडे हिवाळ्याआधी कलमाच्या जोडावर माती चढवतात. "उसाला भर लावतो तशी," नाना. खुंटाचा विषय निघाला तेव्हा तर मजाच झाली. नानांची बाग 'डॉगरिज' खुंटावर, निफाडात निम्म्या बागा त्यावर असतील. तो खुंट मूळचा टेक्सासचा! एकोणिसाव्या शतकात मुळं खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या बागा फस्त केल्या, तेव्हा त्याही अमेरिकन खुंटांवर कलमं करूनच वाचल्या होत्या. नानांना घरी एक काडी न्यायची फार इच्छा झाली, पण दोन्हीकडचे कस्टमवाले काय म्हणतील ते सांगून त्यांचा हात खिशातून बाहेर काढावा लागला.

तळघरातला कारखाना लवकर आटपला. घड चिरडून देठ वेगळे करायचं यंत्र, रस काढायचा प्रेस, स्टीलच्या उंच टाक्या. रीझलिंग लाकडी पिंपात सहसा ठेवत नाहीत, त्याचा स्वतःचा वास झाकला जातो म्हणून. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचा अल्कोहोल होतो. मध्येच टाकी गार केली की यीस्ट थंडावतं आणि थोडी गोडी शिल्लक राहते. साखर मोजायचं एकक तेच, ब्रिक्स. नानांनी खिशातून चष्मा काढून रिफ्रॅक्टोमीटरमध्ये डोकावून आकडा बरोबर वाचला आणि टूरमधली इतर अमेरिकन मंडळी त्यांनाच प्रश्न विचारू लागली.

मग टेस्टिंग. गाडी चालवणारे दोघे आणि नाना सोडून बाकीचे रांगेत. आधी ड्राय, मग गोड, हा क्रम. ग्लासात घोटभरच ओततात, नको असेल तर ओतून टाकायला भांडं असतं. आपल्या माणसांच्या हातून ते होत नाही, पैसे दिलेले असतात. ड्राय रीझलिंगला ओल्या दगडाचा वास येतो असं मालकीण म्हणाली. आमच्यातले एक काका म्हणाले, "ओल्या दगडाला पैसे कशाला? गिरगावात आमच्या मोरीत फुकट यायचा." जुन्या रीझलिंगला चक्क रॉकेलचा वास येतो आणि जाणकार तो गुण मानतात. रेशनच्या रांगेत उभं राहून ज्यांनी बालपण काढलंय, त्यांनी यावर काय बोलावं! गेव्हुर्त्सट्रामिनर हे जिभेला न झेपणारं नाव, पण वास गुलकंदाचा, तो वहिनींनी पहिल्या फटक्यात ओळखला. लाल काबर्ने फ्रांमध्ये भोपळी मिरची. आम्हाला विचाराल तर मधलं, किंचित गोड रीझलिंग सगळ्यांत बरं. आपल्या तिखट जेवणाबरोबर ते फार छान जातं.

मुलांना आणि नानांना मिळाला काळ्या काँकॉर्ड द्राक्षांचा रस. नानांनी एक मणी तोंडात टाकला. साल वेगळी, गर वेगळा, वर बिया. "ही तर बेंगलोर ब्लूची बहीण!" त्यांचं खरं आहे, दोन्हींत अमेरिकन देशी द्राक्षाचं रक्त आहे. आणि बाटलीबंद द्राक्षरसाचा जन्म आपल्या न्यू जर्सीतला बरं का! व्हाइनलंडच्या थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये, चर्चमध्ये दारू नको म्हणून, रस उकळवून तो आंबणार नाही अशी सोय केली. माळकऱ्यांची परंपरा सगळीकडे असते.

जेवण मागच्या हिरवळीवर, एका लांब टेबलाशी. मांसाहाऱ्यांसाठी कॉर्नेल चिकन. जवळच्याच इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट बेकर नावाच्या प्राध्यापकांनी ही कृती रूढ केली. व्हिनेगर, तेल, अंडं आणि मसाला यांच्या पाण्यात कोंबडी मुरवून निखाऱ्यावर भाजायची. शाकाहाऱ्यांसाठी सॉल्ट पोटॅटो. सिरॅक्यूजच्या मिठागरांतले आयरिश मजूर खारट पाण्याच्या कढईतच बारके बटाटे उकडून घेत, त्यातून हा प्रकार आला. सालीवर मिठाची पांढरी पापुद्री धरते, आत बटाटा लोण्यासारखा. वर वितळलेलं लोणी. वहिनींच्या पर्समधून अर्थातच लसणीच्या चटणीची डबी निघाली. म्हातारबाबांनी बटाट्याला चटणी लावून खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी दुसरा बटाटा घेतला.

तिथेच १८ मे २०२३ च्या पहाटेचा विषय निघाला. वेली फुटल्या होत्या आणि हिम पडलं. रात्रभर पंखे लावले, गवताच्या पेंढ्या पेटवल्या, तरी वरच्या अंगाची जवळजवळ सगळी फूट काळी पडली. सरोवराची ऊब तिथपर्यंत पोचली नाही. नाना म्हणाले, त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर आमच्याकडे गारा पडल्या, अर्ध्या तासात बाग झोडपली. मग त्यांनी मुलाला सांगितलं, "विचार त्यांना, मुलगी आपणहून आली, का यांनी बोलावली?"

आमच्या मित्राने विचारलं. म्हातारबाबा म्हणाले, "मी तर येऊ नको म्हटलं होतं. नोकरी कर, सुखी राहा म्हटलं. हिम पडलं त्या महिन्यात आली ती गेलीच नाही."

हे मराठीत सांगायला मित्राला जरा वेळ लागला. नानांनी मान हलवली आणि तितक्याच सहज म्हणाले, की ते या वर्षीचा हंगाम झाला की तीन एकर बाग तोडणार आहेत. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐन छाटणीच्या दिवसांत ते घराबाहेर होते, छाटणी पुतण्यावर सोपवून. का, ते आम्हा कोणालाच सुचलं नव्हतं. मुलाला त्यांनी हे तीन महिन्यांत सांगितलं नव्हतं. "तुला कशाला घोर," एवढंच. टेबलावर कोणी काही बोललं नाही. मालकिणीला शब्द कळले नव्हते, पण तिने नानांच्या ताटात पायचा मोठा तुकडा वाढला.

परतीच्या वाटेवर दोघं मागच्या सीटवर शेजारी बसले होते. बिंगहॅम्टनपर्यंत हिशोब चालू होता. तोडायला खर्च किती, उरलेल्या दोन एकरांना प्लॅस्टिकचं आच्छादन घातलं तर किती, त्याला कर्ज मिळतं का. मित्र डिसेंबरमध्ये पंधरा दिवस निफाडला जाणार आहे. एवढं ठरलं. पुढचं त्यांचं त्यांना ठाऊक.

आता तुम्हाला जायचं असेल तर. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य हा काळ उत्तम, बागेत तोडणी चालू असते आणि पानांचे रंगही मिळतात. पण शनिवारी टूर बसेसची गर्दी फार, जमल्यास शुक्रवार किंवा सोमवार साधा. जेवण अगोदर सांगून ठेवावं लागतं, आणि किती शाकाहारी, त्यांतले अंडं न खाणारे किती, हे फोनवर स्पष्ट सांगा. गाडी चालवणारा आदल्या रात्रीच ठरवा, तिथे पोचल्यावर कोणी तयार होत नाही. कॉर्निंगला मुक्काम स्वस्त पडतो. आणि वेळ असला तर वाट वाकडी करून कॅनन्डेग्वा सरोवराच्या दक्षिणेला नेपल्स गावी जा. काँकॉर्ड द्राक्षांच्या साली सोलून, गर शिजवून, बिया गाळून, साली परत त्यात घालून करतात तो ग्रेप पाय तिथे घराघरांसमोर विकायला असतो. तो फ्रीझरमध्ये चांगला टिकतो. आम्ही तीन आणले होते, शेवटचा कोजागरीला मसाला दुधाबरोबर संपला.