बीटमधील ‘बेटाईन’

पानाच्या डाव्या बाजूची बीटची कोशिंबीर मुलांची बोटे रंगविते, एवढीच तिची आपणांस ओळख. त्याच कुळातील साखरेच्या बीटमधून जर्मन रसायनज्ञ शाइब्लर यांनी १८६० च्या दशकात एक द्रव्य वेगळे काढले. बीटच्या ‘बेटा’ या लॅटिन नावावरून ते ‘बेटाईन’ झाले. साखर काढून उरलेल्या मळीतून ते आजही मिळवितात.

पेशींतील पाणी ते धरून ठेवते; म्हणून उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात ते मिसळतात. याहून महत्त्वाचे त्याचे दुसरे काम. रक्तातील होमोसिस्टीनचे मेथिओनीन करण्यास ते साहाय्य करते. होमोसिस्टिन्युरिया या विरळा, जन्मजात विकारात होमोसिस्टीन साचत जाते, डोळ्यांतील भिंग सरकते, रक्ताच्या गुठळ्या होतात. या विकारासाठी अमेरिकेत १९९६ साली बेटाईनला औषध म्हणून मान्यता मिळाली. अशा मुलाच्या चष्म्याचा नंबर झपाट्याने वाढतो. आणि आम्ही शिक्षक त्याला ‘वाकून वाचू नकोस’ एवढेच बजावीत राहतो! असा नंबर वाढताना दिसला, तर पालकांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

निरोगी माणसाने मात्र बेटाईनची भुकटी विकत घेण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. पालकाच्या भाजीत आणि कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पोळीत ते असतेच.