सूट घेतली, मग तक्रार करायची की नाही?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या आसगावसारख्या गावात हॉटेलात जेवायला जाणं हा अजून तरी ठरवून करायचा कार्यक्रम आहे. कोणाचा वाढदिवस असतो, पोरगी बारावी पास झालेली असते, नाहीतर नागपूरचं दवाखान्याचं काम आटोपून परतताना सगळ्यांना भूक लागलेली असते. अशात मोबाईलवर कूपन दिसतं किंवा रस्त्याकडेला फ्लेक्स लागलेला असतो : 'उद्घाटनानिमित्त ३० टक्के सूट', 'तीन थाळ्यांवर एक थाळी फ्री'. आत जाऊन बसल्यावर पोळ्या वातड निघतात, पनीरच्या भाजीत पनीर शोधावं लागतं, भात सकाळचा असतो. मग टेबलावरचं एखादं जाणतं माणूस म्हणतं, "जाऊ द्या ना, स्वस्तात भेटलं." त्या वाक्यावर विषय संपतो. खरं म्हणजे तिथून तो सुरू व्हायला हवा, कारण या वाक्याच्या पोटात बरेच गैरसमज आहेत.

'सूट घेतली की तक्रारीचा हक्क गेला'

हा सगळ्यात पक्का बसलेला समज, आणि कायद्यात त्याला कुठेही आधार नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ग्राहक कोण, तर मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. मोबदला पूर्ण दिला, थोडा दिला की नुसता कबूल केला, तरी तो ग्राहकच. छापील दराच्या ३० टक्के कमी दिले म्हणून ३० टक्के शिळं वाढायला मोकळीक मिळत नाही. 'तीनवर एक फ्री'मधली चौथी थाळीही फुकटची नसते, तीन थाळ्यांचे पैसे मोजले म्हणूनच ती मिळालेली असते.

संपूर्ण फुकट सेवा मात्र या कायद्याच्या बाहेर राहते. मालकाने ओळखीपोटी जेवू घातलं, तर ग्राहक आयोगात जाता येणार नाही. पण अन्नसुरक्षेचा कायदा वेगळा आहे आणि तो नफ्याकडे पाहत नाही. म्हणून तर गणपतीत महाप्रसाद करणाऱ्या मंडळांनाही अन्न व औषध प्रशासन नोंदणी करायला सांगतं.

'जेवण आवडलं नाही, म्हणजे फसवणूक झाली'

ही उलट्या बाजूची चूक. तर्री झणझणीत नव्हती, वरण पातळ होतं, घरी यापेक्षा बरं होतं, ही नाराजी आहे, तिला कायद्यात जागा नाही. सांगायची तर जरूर सांगावी, पण पैसे परत मागण्याचं ते कारण होत नाही. पाहायचं एवढंच की हॉटेलने जे कबूल केलं होतं ते दिलं का, आणि दिलेलं खाण्याजोगं होतं का.

भाताचंच घ्या. इकडच्या चौरास भागातल्या माणसाला भात शिकवायला नको. बोर्डावर 'चिन्नोर भात' लिहिलंय, ताट समोर आलं, वाफ आहे, दाणा बारीक आहे, पण वासच नाही. एचएमटी तांदूळ असेल, आणखी काही असेल, चिन्नोर नाही हे इथल्या शेतकऱ्याला पहिल्या घासाआधीच कळतं. ही चवीची आवडनिवड नाही. मागितलेल्या जातीचा, गुणाचा पदार्थ न देणं हा अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ५० खाली दंडाचा विषय आहे, दंडाची कमाल मर्यादा पाच लाख रुपये, छोट्या नोंदणीकृत विक्रेत्याला २५ हजार. पनीर म्हणून वनस्पती तेलाचं नकली पनीर घातलं तर तेही याच रांगेत.

सवलतीच्या जेवणात आणखी एक खुबी चालते. कूपनवाल्याला वाटी लहान, गोड पदार्थ गायब, पोळ्या मोजून, आणि हे आधी कुठेच सांगितलेलं नसतं. 'अटी लागू' हे शब्द मुंगीएवढे छापलेले असतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार जाहिरातीत सांगितलेल्या दराला माल पुरवण्याची तयारी नसताना गिऱ्हाईक ओढायला सूट जाहीर करता येत नाही, आणि बारीक अक्षरातल्या टिपेने मोठ्या अक्षरातलं आश्वासन फिरवता येत नाही. वाटी लहान असल्याचं आधी नीट सांगितलं असेल, तर मात्र कुरकुर करायला जागा नाही. तुम्ही ते मान्य करूनच बसलात.

'बोललं की भांडण होतं'

खरा अडसर हा आहे, कायदा नव्हे. नागपूरच्या हॉटेलात आपल्याला कोणी ओळखत नाही. पवनीत किंवा गावात हॉटेलवाला पाहुण्यातला निघतो, नाहीतर पुढच्या महिन्यातल्या लग्नाचं जेवण त्याच्याकडेच सांगितलेलं असतं. म्हणून माणसं गप्प खातात, बाहेर येऊन चौकात बोलतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. मला विचाराल तर मालकाचं यात सगळ्यात जास्त नुकसान आहे. उद्घाटनाची सूट तो पदरचे पैसे घालून देतो, ती माणसं परत यावीत म्हणून. ती का येत नाहीत हेच त्याला कळत नाही.

बोलायचं कसं, यात अर्धं काम आहे. पहिल्या दोन-चार घासांत सांगावं. ताट चाटून पुसून झाल्यावर भाजी आंबली होती म्हटलं, तर कोण मानेल? वाढणाऱ्या पोरावर ओरडण्यात अर्थ नाही, भाजी त्याने केलेली नसते. काउंटरवर जाऊन हळू आवाजात, "भाऊ, भाजी आंबट लागून राहिली आहे, तुम्ही स्वतः चाखून पाहा." हे 'चाखून पाहा' फार कामाचं आहे. चाखल्यावर बहुतेक मालक वाद घालत नाहीत, वाटी बदलून देतात. काय हवं तेही नेमकं सांगावं: बदलून द्या, की एवढा पदार्थ बिलातून काढा. मात्र अर्ध्याहून जास्त जेवून 'एक पैसा देणार नाही' म्हणत उठणं हा कोणताच हक्क नाही. जे नीट मिळालं त्याचे पैसे द्यावेत, वादाच्या पदार्थाचं बोलावं. आणि तक्रार करायची असेल तर ताटाचा आणि ऑफरच्या फ्लेक्सचा फोटो तिथेच काढावा. फ्लेक्स उद्या उतरलेला असतो.

'ऑफरवर बिल मिळत नाही'

मिळतं, आणि मागायलाच हवं. बिल न देणं हीच २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. वहीच्या कागदावर पेनने लिहिलेली बेरीज पुढे फारशी उपयोगी पडत नाही. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या बिलावर १४ आकडी एफएसएसएआय, म्हणजे अन्न परवान्याचा, क्रमांक असणं बंधनकारक आहे.

जीएसटीचंही पाहून घ्यावं. हॉटेलने स्वतः दिलेली सूट बिलातच दाखवली असेल, तर कर सूट वजा करून उरलेल्या रकमेवर लागतो. ८०० रुपयांच्या जेवणावर ३० टक्के सूट म्हणजे ५६०, त्यावर ५ टक्के म्हणजे २८ रुपये. ८०० वर ४० रुपये लावले असतील तर विचारा. बिलावर जीएसटी क्रमांकच नसेल, किंवा हॉटेल छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असेल, तर तुमच्याकडून वेगळा कर घेताच येत नाही.

सर्व्हिस चार्जही बिलात आपोआप जोडता येत नाही. तसं सांगणाऱ्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या सूचनांविरुद्ध हॉटेल संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग दिली म्हणून मात्र भांडू नका. बसून जेवायच्या हॉटेलला ती मुभा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिली आहे.

'दोनशे रुपयांसाठी कोण कोर्टात जातं?'

तमिळनाडूतल्या विलुपुरममध्ये एक जण गेला. २०२२ मध्ये त्याने ८० रुपयांप्रमाणे २५ जेवणांची पार्सलं घेतली, त्यात कबूल केलेलं लोणचं नव्हतं. एका पुडीचा रुपया धरून त्याने २५ रुपये परत मागितले, हॉटेलने नकार दिला. २०२४ मध्ये ग्राहक आयोगाने हॉटेलला ३५ हजार रुपये द्यायला लावले. त्याची मागणी नेमकी होती.

प्रत्येकाने एवढं ताणावं असं नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा, मराठीत बोलता येतं. हेल्पलाइन निकाल देत नाही, हॉटेलपर्यंत तक्रार पोचवून तडजोड घडवायचा प्रयत्न करते, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची, आणि १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. नागपुरात जेवलेला आसगावचा माणूस भंडाऱ्याच्या आयोगात जाऊ शकतो. कायद्यात निकालाला तीन महिने लिहिलेत, प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ वेळ जातो. दोन पोळ्यांसाठी मी ही वाट धरणार नाही, पन्नास पाहुण्यांच्या ऑर्डरीसाठी धरेन.

'पोट बिघडलं, आता ग्राहक मंचात जातो'

आधी डॉक्टरकडे जा. कशामुळे झालं याची शंका त्यांना सांगा आणि चिठ्ठी जपून ठेवा, पुढे तीच पुरावा होते. झुरळ, केस, शिळं अन्न, घाणेरडं स्वयंपाकघर यांची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करायची, टोल-फ्री क्रमांक १८००२२२३६५. तपासणीचा अधिकार त्यांचा आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार गिऱ्हाईक स्वतःही फी भरून पदार्थ तपासून घेऊ शकतं आणि दोष निघाला तर फी परत मिळते. पण तपासणीला देणार असल्याचं विकत घेतानाच हॉटेलवाल्याला सांगावं लागतं. घरी नेलेलं पार्सल तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग प्रयोगशाळा शोधली, तर दोष कुठे शिरला हे कोण सांगणार?

राहिलं व्हॉट्सॲप स्टेटस. खरं, स्वतः पाहिलेलं लिहायला बंदी नाही. 'शनिवारी रात्री घेतलेल्या कूपनच्या थाळीत भात आंबलेला होता, सांगितल्यावर बदलून दिला' असं लिहा, आणि बदलून दिल्याचं गाळू नका. 'हा माणूस लोकांना विष खाऊ घालतो' असं पुराव्याशिवाय लिहिलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची तक्रार तुमच्यावरच येऊ शकते.