गाडी अठ्ठेचाळीस व्होल्टची, कर्णा बारा व्होल्टचा

गोल्फच्या विस्तीर्ण मैदानावर खेळाडूंना व त्यांच्या साहित्याला वाहून नेण्यासाठी विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात प्रचारात आल्या. गोल्फशी ज्यांचा काडीमात्र संबंध नाही अशा ठिकाणीही ही गाडी आज पोचली आहे. मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर वृद्ध व दिव्यांग प्रवाशांना ती नेते. विद्यापीठांच्या आवारांत आणि प्राणिसंग्रहालयांत ती फिरताना दिसते. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर डिसेंबर २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर आलेली ई-रिक्षा आणि अनेक ग्रामपंचायतींनी कचरा संकलनासाठी घेतलेली बॅटरीवरील घंटागाडी ही तिचीच भावंडे होत.

गाडी आली की तिच्यावर काही ना काही जोडले जाते. घंटागाडीला कर्णा हवा, संध्याकाळच्या फेरीसाठी जादा दिवा हवा, चालकाला पंखा हवा. टायरमधील हवा वरचेवर कमी होते म्हणून हवा भरण्याचा छोटा कॉम्प्रेसरही हवा. ही सारी उपकरणे मोटारगाड्यांच्या बाजारपेठेसाठी तयार होत असल्याने ती १२ व्होल्टची असतात. विजेच्या गाडीचा बॅटरीसंच मात्र ३६ किंवा ४८ व्होल्टचा असतो.

यावर गॅरेजमध्ये जो उपाय केला जातो तो वरकरणी बिनतोड आहे. ४८ व्होल्टच्या संचात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात. त्यांतील एकीच्या दोन टोकांवरून दोन तारा घेतल्या की बारा व्होल्ट मिळाले. गोल्फच्या जुन्या गाड्यांत सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या असत, तेथे शेजारच्या दोन घ्यायच्या. कर्णा वाजतो, दिवा लागतो, खर्च जवळजवळ नाही. आणि नेमके येथूनच संचाचे नुकसान सुरू होते.

एकीवर भार, चौघींना शिक्षा

एक साधे गणित मांडून पाहावे. संचातील प्रत्येक बॅटरीची क्षमता १०० अँपिअर-तास आहे आणि कर्णा ६० वॅट वीज घेतो असे मानू. बारा व्होल्टवर हा प्रवाह ५ अँपिअर होतो. रोज चार तास कर्णा वाजला तर त्या एका बॅटरीतून २० अँपिअर-तास, म्हणजे तिच्या क्षमतेचा पाचवा हिस्सा, जास्तीचा खर्च होतो. उरलेल्या तिघींना त्याची झळ नसते. गाडी चालविण्यासाठी मात्र चौघींतून सारखाच प्रवाह जातो, आणि रात्री चार्जरही चौघींत सारखाच प्रवाह भरतो.

चार्जरला एकेक बॅटरी दिसत नाही. दिसते ती फक्त बेरीज. भरणीच्या अखेरीस ही बेरीज ५७.६ व्होल्ट, म्हणजे प्रत्येकी १४.४, व्हावी अशी त्याची अपेक्षा असते. तीन बॅटऱ्या आधीच भरून १४.८ व्होल्टवर गेल्या आणि चौथी १३.२ वरच रेंगाळली, तरी बेरीज ५७.६ च होते. चार्जर समाधानाने काम थांबवितो. भरलेल्या तिघींत त्या वेळी पाण्याचे विघटन होऊन पातळी खाली जात असते, तर अर्धवट राहिलेल्या चौथीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसत असतात. काही महिन्यांनी चढावर गाडी अडखळू लागते. संपत आलेल्या बॅटरीतून उरलेल्या तिघी जबरदस्तीने प्रवाह ढकलतात, आणि टोकाच्या प्रसंगी तिच्यातील घटांची धन-ऋण टोके उलटण्यापर्यंत मजल जाते. मग एकच नवी बॅटरी आणून जुन्या तिघींच्या जोडीला बसविली जाते, म्हणजे विषमता पुन्हा नव्याने सुरू! कर्ण्याची जोडणी दरमहा वेगवेगळ्या बॅटरीवर फिरविण्याची युक्ती काही जण करतात. तिने दुखणे लांबते, बरे होत नाही.

लिथियमच्या चार स्वतंत्र बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असल्या तरी प्रकार तोच. फरक इतकाच की, रिकामी झालेली बॅटरी तिच्यातील संरक्षक यंत्रणा स्वतःच तोडून टाकते आणि गाडी भर रस्त्यात उभी राहते.

चौघींकडून सारखे घ्यावे

योग्य मार्ग म्हणजे संपूर्ण ४८ व्होल्टवर चालून १२ व्होल्ट देणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर. त्याची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर वरील कर्ण्यासाठी संचातून जेमतेम १.४ अँपिअर प्रवाह लागतो. चार तासांत प्रत्येक बॅटरीतून सुमारे साडेपाच अँपिअर-तास जातात आणि चौघी समपातळीवर राहतात. विजेचा दाब रोधक लावून उतरविण्याचा सल्लाही कधी कधी दिला जातो. तो कुचकामी होय, कारण उपकरणाचा प्रवाह बदलला की उतरणारा दाबही बदलतो आणि तीन चतुर्थांश वीज उष्णतेत जाते. नववी-दहावीच्या वर्गाला ओहमचा नियम शिकविताना याहून जिवंत उदाहरण शिक्षकांना क्वचितच मिळेल.

कॉम्प्रेसरचे गणित थोडे निराळे आहे. चालू स्थितीत १५ अँपिअर घेणारा छोटा कॉम्प्रेसर दहा मिनिटे चालला तरी कन्व्हर्टरमार्गे संचाचा खर्च पाऊण अँपिअर-तासाहून कमीच होतो. अडचण आहे ती सुरुवातीच्या धक्क्याची. मोटार फिरू लागताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह मागते, आणि १० किंवा १५ अँपिअरचा कन्व्हर्टर त्या क्षणी स्वतःला बंद करून घेतो. म्हणून २५ ते ३० अँपिअरचा कन्व्हर्टर घ्यावा. ते महाग वाटल्यास लहान कन्व्हर्टरने एक छोटी स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी भरत ठेवावी आणि कॉम्प्रेसर तिच्यावर चालवावा. मात्र अशा वेळी कन्व्हर्टर बॅटरी भरण्यासाठी योग्य असल्याची खात्री करून घ्यावी.

तारेच्या जाडीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. जाणारी व येणारी मिळून सहा मीटर लांबीची, एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली तर १५ अँपिअरला सुमारे १.६ व्होल्ट तारेतच जातात; कॉम्प्रेसर कण्हत चालतो आणि तापतो. चार चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच घट ०.४ व्होल्टवर येते.

फ्यूज संचाच्या धन टोकाजवळ, शक्य तितका लगत बसवावा. येथे एक धोका ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मोटारीत वापरले जाणारे पात्याचे फ्यूज सामान्यतः ३२ व्होल्टपर्यंतचे असतात. भरणीच्या वेळी ४८ व्होल्टचा संच ५८ व्होल्टपर्यंत चढतो. घरातील विजेप्रमाणे हा प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येत नसल्याने, फ्यूज वितळला तरी त्यातील ठिणगी विझेलच असे नाही. ४८ व्होल्टच्या बाजूस ६० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाचाच फ्यूज हवा. कन्व्हर्टर आत येणारी व बाहेर जाणारी बाजू विद्युतदृष्ट्या अलग ठेवणारा असावा. गाडीचा सांगाडा ऋण तार म्हणून न वापरता प्रत्येक उपकरणाला दोन तारा द्याव्यात. कॉम्प्रेसर बॅटरीच्या पेटीत ठेवू नये. भरणीच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो आणि मोटारीच्या ब्रशला ठिणगी असतेच.

गाडी अनेक दिवस उभी राहणार असेल तर कन्व्हर्टर चावीच्या खटक्यामागेच हवा. नुसता जोडलेला कन्व्हर्टर ४० मिलिअँपिअर घेत राहिला तरी महिन्याला सुमारे २९ अँपिअर-तास संपतात. उन्हाळ्याच्या सुटीनंतर चालू न होणाऱ्या गाड्यांचे कारण पुष्कळदा इतकेच असते.

ग्रामपंचायतींच्या दृष्टीने हा प्रश्न खरेदीच्या वेळीच सुटू शकतो. मागणीपत्रात कर्णा, दिवे व कॉम्प्रेसर यांचा एकूण भार नमूद करून, तो पेलणारा कन्व्हर्टर उत्पादकाने बसवून द्यावा अशी अट घालावी. नंतर बाहेरून केलेल्या जोडणीमुळे हमी नाकारली जाण्याचा संभव राहतो. गाडी आधीच ताब्यात असेल तर संच रात्रभर भरून, काही तास विसावू देऊन, प्रत्येक बॅटरीचा दाब व्होल्टमीटरने मोजावा व नोंदवहीत लिहावा. भरलेली शिशाची बॅटरी साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. चारपैकी एकच महिनोन्‌महिने दोन-तीन दशांशाने मागे दिसू लागली, तर प्रथम तिच्या टोकांवर कोणाची जादा तार बसली आहे ते पाहावे.